आवाजाच्या अलीकडची गोळी

पुण्याच्या वायव्येला, दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात, बंदुकीच्या गोळीशी थेट नाते असलेली तीन ठिकाणे आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. २०२१ मध्ये सरकारी कारखान्यांच्या कंपन्या झाल्या तेव्हा तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला, आणि त्या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. पाषाणला डीआरडीओची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा, म्हणजे एआरडीई. इन्सास रायफल तिथे घडली. आणि बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभे राहिले, २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही तिथेच झाल्या, आणि राज्यभरातली मुले आज तिथे रायफल घेऊन आडवी पडलेली दिसतात.

गोळीने किती वेगाने जावे, या प्रश्नाला या तीन ठिकाणी एकच उत्तर मिळत नाही. इन्सासची ५.५६ मिलिमीटरची गोळी नळीबाहेर पडते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर असतो. बालेवाडीच्या ५० मीटर रेंजवरची पॉइंट टू-टूची गोळी निघते ती ३३० मीटरने, म्हणजे जवळपास तिसऱ्या हिश्श्याने. बाजारात त्याच मापाची ३८० मीटर वेगाची काडतुसे मिळतात आणि ती स्वस्तही असतात. तरी निष्णात नेमबाज कितीतरी जास्त पैसे मोजून हळू जाणारी काडतुसे घेतो. असे का, हे नीट समजावून सांगणारे मराठीत काही असावे म्हणून ही पुस्तिका.

एअर रायफलवरून पॉइंट टू-टूकडे वळलेल्या मुलांच्या पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेली डबी चांगली की ‘सबसॉनिक’? जास्त वेग म्हणजे जास्त चांगले, असे आपण सहज धरून चालतो. मोटारीत, संगणकात, क्रिकेटच्या गोलंदाजीत ते बरेचसे खरेही ठरते. रायफलीच्या गोळीबाबत मात्र वेगाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्या दिवशी, त्या हवेत ध्वनीचा वेग किती आहे आणि गोळी त्याच्या किती अलीकडे किंवा पलीकडे आहे, हे कळले की मगच तो आकडा बोलू लागतो. या पुस्तिकेतला सगळा हिशेब या एका गोष्टीभोवती फिरतो.

ध्वनीचा हवेतला वेग शून्य अंश सेल्सिअसला सेकंदाला ३३१ मीटर असतो, आणि तापमान अंशाने चढले की तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी पारा १० अंशांवर असेल तर तो ३३७ मीटर भरतो. मेच्या दुपारी ३९ अंशांवर तोच ३५४ मीटर होतो. म्हणजे एकाच मैदानावर, एकाच वर्षात, १७ मीटरचा फरक. ज्या काडतुसाचा वेग ३४५ मीटर आहे, ते थंडीत ध्वनीच्या पुढे जाते आणि उन्हाळ्यात मागे राहते. डबीवरचा शब्द तोच राहतो, गोळीचे वागणे बदलते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्यामुळे इथे ध्वनी हळू जातो, असे काही जण सांगतात. ते बरोबर नाही. उंचीमुळे हवा विरळ होते आणि गोळीला अडथळा किंचित कमी होतो, पण ध्वनीचा वेग ठरतो तो तापमानावर.

ध्वनीच्या वेगाजवळ नेमके काय घडते? गोळी हवा दाबत पुढे जाते, आणि दाबाचा तो निरोप ध्वनीच्या वेगाने आजूबाजूला पसरतो. गोळी पुरेशी हळू असेल तर पुढच्या हवेला बाजूला सरायला अवधी मिळतो. गोळी ध्वनीच्या वेगाला भिडली की निरोप आणि गोळी बरोबरच पोचतात, दाब साचतो आणि आघात-तरंग तयार होतो. त्याच्यापायी हवेचा अडथळा एकदम चढतो. ध्वनीच्या ०.८ पट वेगाला जो अवरोधांक असतो, तो १.१ पटीला दुपटीहून जास्त होतो. ही भिंत नव्हे, पट्टा आहे: साधारण ०.९ पटीपासून १.२ पटीपर्यंत गोळी त्यातच असते. म्हणून ३३० मीटरची स्पर्धेची गोळीही या पट्ट्यापासून पूर्ण मोकळी नसते. ती त्याच्या खालच्या काठाने जाते, एवढेच. पण ती पट्टा वरून खाली ओलांडत नाही, आणि महत्त्व त्यालाच आहे.

३८० मीटरने निघालेली पॉइंट टू-टूची गोळी दर मीटरमागे साधारण ०.९ मीटर वेग गमावते. मेमध्ये ती तिसाव्या मीटरच्या आसपास ध्वनीच्या खाली येते, डिसेंबरात जवळजवळ लक्ष्यापाशी. ओलांडताना गोळीवरचे बल सरकते, तिच्यात आधीच असलेला थोडासा डगमग वाढू शकतो, आणि प्रत्येक गोळीत तो सारखा वाढत नाही. दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, फुटतो तो यामुळे.

आता वाऱ्याकडे येतो. या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट इथेच आहे. वेगवान गोळी लक्ष्यावर लवकर पोचते, म्हणून वारा तिला कमी ढकलेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ५० मीटरवर ३८० ची गोळी ३३० च्या गोळीपेक्षा जास्त सरकते. कारण आडवा वारा गोळीला किती सरकवेल हे एकूण प्रवासवेळावर ठरत नाही. हवाच नसती तर गोळीला जो वेळ लागला असता आणि हवेतून प्रत्यक्ष जो लागतो, त्या दोन वेळांतल्या फरकावर ते ठरते. हा फरक गुणिले वाऱ्याचा वेग, म्हणजे गोळीची सरक.

आकडे घालून पाहू. ३३० ची गोळी निर्वातात ५० मीटर ०.१५२ सेकंदात जाईल. हवेतून तिला सुमारे ०.१५८ लागतात. फरक ६ हजारांश सेकंदांचा. ३८० ची गोळी निर्वातात ०.१३२ सेकंदात जाईल. हवेतून लागतात ०.१४० हून थोडे जास्त. फरक जवळपास ९ हजारांश. सेकंदाला ३ मीटर आडवा वारा असेल, आणि बालेवाडीला दुपारी तेवढा वारा नवलाचा नाही, तर पहिली गोळी १८-१९ मिलिमीटर सरकेल आणि दुसरी २६-२७ मिलिमीटर. दुसरी आधी पोचते खरी, पण वाटेत हवेशी जास्त झगडलेली असते आणि त्या झगड्याची किंमत आडव्या सरकीत चुकवते. वेग दोन-अडीच पट वाढवला की हिशेब पुन्हा उलटतो, ५.५६ च्या गोळीला ५० मीटरवर या वाऱ्याचे फारसे काही वाटत नाही. पण ध्वनीच्या वेगाला लागून असलेल्या पट्ट्यात जास्तीचा वेग नेमबाजाच्या विरोधात जातो.

या दोन सरकींतले सात-आठ मिलिमीटर म्हणजे किती, हे ५० मीटरच्या टार्गेटकडे पाहिल्यावर कळते. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे, आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर. गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. तिची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडायला हवा. चुकीचे काडतूस निवडल्याने वाऱ्यात जेवढा फरक पडतो, तेवढ्यात अख्खा एक गुण जातो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचे (पालथे पडून नेम धरायच्या प्रकाराचे) जागतिक विजेतेपद मिळवले ते ६०० पैकी ५९७ गुणांनी. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. अशा गुणसंख्येत ढिलाईला जागाच उरत नाही. ५० मीटरच्या रेंजवर वारा दाखवणाऱ्या झेंड्या १० आणि ३० मीटरवर लावतात. त्यांच्याकडे पाहून नेमबाज क्लिक फिरवतो किंवा थांबतो. हळू गोळी त्याला वाऱ्यातून सोडवत नाही, पण वारा वाचण्यात झालेली त्याची चूक लहान ठेवते.

वाऱ्यानंतर गुरुत्वाकर्षण. ३३० ची गोळी ५० मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेखाली सुमारे १२ सेंटिमीटर येते. साइट तेवढी वर लावलेली असते, त्यामुळे ते १२ सेंटिमीटर स्वतः कुणाला त्रास देत नाहीत. त्रास होतो तो एका गोळीच्या आणि दुसऱ्या गोळीच्या वेगातल्या फरकाचा. वेग १० मीटरने चुकला तर ५० मीटरवर उंचीत सुमारे ७ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून स्पर्धेच्या काडतुसात मोल असते ते सारखेपणाला: दर काडतुसात दारू तेवढीच, बुडाच्या कडेत बसवलेले प्राइमिंगचे मिश्रण तेवढेच, शिशाची गोळी तेवढीच घट्ट, तिच्यावरचे वंगण तेवढेच. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ चे आहे, आणि त्याची ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी आजही मूळ मापाचीच. अशा जुन्या, साध्या रचनेतून इतका सारखेपणा काढायचा, हे बनवणाऱ्यांचे मोठे कसब आहे. इंग्लंडमधली एली, फिनलंडची लापुआ आणि जर्मनीतली आरडब्ल्यूएस यांची नावे बालेवाडीच्या रेंजवर म्हणूनच आदराने घेतली जातात.

पण उत्तम कंपनीचा प्रत्येक लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला साठा, प्रत्येक नळीला मानवत नाही. नळ्यांच्या आतल्या मापांत सूक्ष्म फरक असतात, आणि एका रायफलीत सुरेख ग्रुप देणारा लॉट शेजारच्या रायफलीत पसरतो. म्हणून हे कारखाने स्वतःच्या चाचणी-रेंज ठेवतात. नेमबाज रायफल घेऊन तिथे जातो, ती शिकंज्यात घट्ट धरतात, एकेका लॉटच्या गोळ्या ५० मीटरवर मारतात, आणि सर्वात लहान ग्रुप देणारा लॉट तो हजारोंच्या संख्येत घेऊन येतो. आपल्याकडे ही काडतुसे परदेशातून, राष्ट्रीय रायफल संघटनेच्या वाटेने येतात. १९५१ मध्ये ती संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. राष्ट्रीय स्पर्धेआधीची मावळंकर स्पर्धा मुलांना ठाऊक असते, ते नाव त्यांचे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री-पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतले. अंतिम फेरीत त्यांचे गुण ४५१.४. हे पदक आपण नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंगमधल्या त्यांच्या संयमाचे म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. तरी हेही लक्षात असावे, की हळू गोळी नळीत जास्त वेळ राहते. ट्रिगर सुटल्यानंतरच्या त्या हजारांश सेकंदांत रायफल हलली तर गोळी ती हालचाल बरोबर घेऊन बाहेर पडते. फॉलो-थ्रूवर प्रशिक्षक एवढा जोर देतात ते त्यासाठी. उभे राहून, काही किलोंची रायफल धरून, सबसॉनिक गोळी सोडणे हे शरीराचेही मोठे काम आहे.

इथवर हळू गोळीची बाजू झाली, आणि पॉइंट टू-टूपुरती ती माझ्या मते निर्विवाद आहे. मोठ्या रायफलींत चित्र पार बदलते, आणि ते न सांगणे वाचकावर अन्याय होईल.

खडकीचा कारखाना सुरू झाला त्या काळात ब्रिटिश फौजेच्या हातात स्नायडर रायफल होती. काळ्या दारूवर चालणारी, ३० ग्रॅमहून जड शिशाची गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास फेकणारी. पाठोपाठ आलेली मार्टिनी-हेन्री ४०० च्या घरात पोचली. म्हणजे त्या वेळची लष्करी गोळी ध्वनीच्या जेमतेम पुढे होती. काळी दारू याहून फार वेग देऊ शकत नव्हती, आणि दिला असता तर उघडे शिसे नळीच्या आट्यांत घासून राहिले असते. धूर न करणारी दारू आली, गोळीला तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढले, आणि वेग झेपावला. थ्री-नॉट-थ्रीची मार्क सात गोळी ७४४ मीटरने जाई. बुडावर ‘के एफ’ अक्षरे असलेली तिची खडकीची काडतुसे जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. गोळीचा मारा सपाट झाला, अंतराच्या अंदाजातली चूक माफ होऊ लागली.

अशा, वेगासाठीच घडवलेल्या रायफलीत सबसॉनिक काडतूस घातले की काय होते? ७.६२ मिलिमीटरची नेहमीची साडेनऊ ग्रॅमची गोळी ८४० मीटरने निघते आणि तिच्यात सुमारे ३,३५० जूल ऊर्जा असते. सबसॉनिक म्हणून १३ ग्रॅमची जड गोळी घेतली, ती ३१५ मीटरने सोडली, तरी ऊर्जा भरते ६५० जुलांच्या आत. पाचवा हिस्साही नाही. २०० मीटर जाईपर्यंत नेहमीची गोळी नळीच्या रेषेखाली सुमारे ३३ सेंटिमीटर येते, सबसॉनिक दोन मीटरांहून जास्त. साइट २०० मीटरला लावली आणि अंतराचा अंदाज १० मीटरने चुकला, तर नेहमीच्या गोळीची चूक दोनेक सेंटिमीटरची, सबसॉनिकची दहा-अकरा सेंटिमीटरची.

एवढ्यावर भागत नाही. जड म्हणजे लांब गोळी, आणि लांब गोळी स्थिर राहायला तिला जास्त फिरकी लागते. ७.६२ च्या नळीत आटे साधारण १२ इंचांत एक फेरा घेतात; हळू जाणाऱ्या जड गोळीला तो फेरा सात-आठ इंचांत हवा असतो. मोठ्या पितळी पुंगळीत थोडीशीच दारू असली की ती पुढे आहे की मागे यावर तिचे पेटणे बदलते, आणि वेगातला सारखेपणा जातो. वायूच्या दाबावर आपोआप भरणाऱ्या रायफली या काडतुसांनी बऱ्याचदा चालतच नाहीत, कारण यंत्रणा मागे ढकलायला लागणारा वायू पुरत नाही. यातल्या अडचणी ओळखून अमेरिकेत ‘थ्री-हंड्रेड ब्लॅकआउट’ नावाचे आखूड पुंगळीचे काडतूस आखले गेले, २०११ मध्ये त्याला तिथली प्रमाण मापे मिळाली. त्याची सबसॉनिक गोळी १४ ग्रॅमच्या वर, वेग ३०८ मीटरच्या आसपास, ऊर्जा पावणेसातशे जुलांच्या घरात. तोच आकार हलक्या गोळीने ध्वनीच्या दुप्पट वेगाला नेला की ऊर्जा १,८०० च्या वर. यंत्रणा सुधारली, तरी भौतिकशास्त्राने मागितलेली किंमत तीच राहिली.

मग कुणी ती किंमत का मोजतो? आवाजासाठी. ध्वनीच्या पुढे जाणाऱ्या गोळीचे दोन आवाज असतात: तोंडाशी होणारा स्फोटाचा, आणि वाटेभर आघात-तरंगाचा कडाड. सैनिकांना हे दोन वेगळे ओळखून गोळीबार कुठून होतो याचा अंदाज घ्यायला शिकवतात. सबसॉनिक गोळीत दुसरा आवाज नसतो. लष्करी आणि पोलिसी कामात त्याला अर्थ आहे. नेमबाजीच्या खेळात त्याला मुळीच महत्त्व नाही. आपण हळू गोळी घेतो ती नेमकेपणासाठी, हे मुलांनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावे. चित्रपट पाहून आलेल्या मुलांच्या डोक्यात सबसॉनिक म्हणजे निःशब्द असे असते. ते खरे नाही, पॉइंट टू-टूच्या रायफलीचा तोंडाशी होणारा आवाजही कानाला इजा करू शकतो. कानात प्लग घालायचेच.

हळू म्हणजे निरुपद्रवी, हा दुसरा गैरसमज त्याहून धोक्याचा आहे. ३३० ची ही २.६ ग्रॅमची गोळी निघताना १४० जूल घेऊन निघते आणि वर रोखलेल्या नळीतून दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. बालेवाडी, म्हाळुंगे, बाणेरच्या माळावर आज उंच इमारतींच्या रांगा आहेत. रेंजच्या भिंती, आडवे पडदे आणि रेंज ऑफिसरचा शब्द यांना म्हणूनच तिथे तडजोड नाही. शिसे कडक पृष्ठभागावर आपटून वाट बदलते, तेही हळू गोळीत सर्रास घडते. काडतुसे घरी भरण्याबद्दल या पुस्तिकेत एक ओळही नाही. कमी भरलेल्या काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली आणि मागून दुसरी आली तर नळी फुटते, आणि शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस जवळ ठेवणे हाच गुन्हा आहे.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी दोन गोष्टी हाताशी असाव्यात. डबीवरचा वेग बऱ्याचदा फुटांत असतो; मीटरमध्ये आणायला त्याला ३.२८ ने भागावे, म्हणजे १,०८५ फूट हे ३३१ मीटर होतात. आणि तो आकडा कारखान्याच्या चाचणी-नळीतला असतो, तुमच्या नळीत थोडा वेगळा निघतो. म्हणून परीक्षा आपल्याच रायफलीवर घ्यावी: सकाळी, झेंड्या लोंबत असताना, प्रोनमध्ये, एका लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप, मध्ये नळी पुसून दुसऱ्या लॉटचे चार. लॉट बदलल्यावर पहिल्या काही गोळ्या मोजू नयेत, कारण नव्या वंगणाचा थर नळीत बसायला वेळ लागतो. प्रत्येक ग्रुपसोबत तापमान लिहावे. दोन लॉटमधला फरक मिलिमीटरभराचा असेल, तर ज्याची काडतुसे पूर्ण हंगाम पुरतील तो घ्यावा.